तुती घातलेल्या ओट्स-कुकीज का पसरतात?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): मुलांसाठी ओट्सच्या कुकीज करताना मी त्यांत ताज्या तुती घातल्या, परंतु एप्रिलच्या उकाड्यात लोणी फेटतानाच वितळले आणि कुकीज पसरून पापडासारख्या झाल्या. प्रमाण चुकले की फळांचे पाणी नडले?

उत्तर १: ताई, मुख्य दोष उकाड्याचा दिसतो. गोळे ताटात मांडून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावेत आणि ओव्हन १८० अंशांवर पूर्ण तापल्यावरच आत सरकवावेत, म्हणजे लोणी वितळून पसरण्याआधी कडा धरतात.

उत्तर २: फळांकडेही दुर्लक्ष नको. तुती धुऊन कापडावर कोरड्या कराव्यात, थोड्या कणकेत घोळवाव्यात आणि शेवटी हलक्या हाताने मिसळाव्यात. जांभूळ मात्र टाळावे. त्याचा तुरटपणा आमच्या घरी कोणालाच रुचला नाही.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. उद्या पहाटेच, ऊन चढण्यापूर्वी, पुन्हा करून पाहते.