विषय: पाच तारे नेमके कोणत्या मजल्याचे? (सासूबाईंसाठी जागा, शुक्रवारपर्यंत निर्णय)

प्रेषक: मृणाल

सर्वांना नमस्कार,

सासूबाईंचे रिहॅब (पुनर्वसनाचे उपचार) या आठवड्यात संपत आहे आणि तेथील सोशल वर्करने पुढील जागेबद्दल शुक्रवारपर्यंत उत्तर मागितले आहे. आम्ही जी जागा पाहिली ती आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. मंडळाने भजनाचा कार्यक्रम केला होता तीच. प्रवेशद्वाराशी पाच ताऱ्यांचा मोठा फलक आहे आणि मेडिकेअरच्या (अमेरिकी केंद्र सरकारच्या ज्येष्ठांसाठीच्या आरोग्यविम्याच्या) केअर कंपेअर या संकेतस्थळावर शोधले असता पाच तारे खरोखरच दिसतात. मात्र तेथील नावापुढे ‘नर्सिंग अँड रिहॅबिलिटेशन’ असे शब्द आहेत, आणि आम्हाला दाखवलेली खोली वरच्या मजल्यावरील असिस्टेड लिव्हिंगमधील, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळणाऱ्या निवासातील आहे. हे तारे त्या खोलीलाही लागू होतात का, असे मी विक्री विभागातील बाईंना विचारले, तेव्हा “सगळा परिसर एकच आहे” एवढेच उत्तर मिळाले.

सासूबाई वॉकर घेऊन चालतात, रात्री दोन-तीन वेळा उठतात, आणि संध्याकाळनंतर त्यांना इंग्रजी सुचत नाही. कोणाला खात्रीशीर माहिती असल्यास कृपया लवकर कळवावे.

मृणाल

प्रेषक: श्रीकांत (ज्येष्ठ नागरिक समिती)

मृणालताई,

असे प्रश्न प्रथम समितीकडे पाठवावेत, असे कार्यकारिणीच्या सभेत ठरले होते, याची सर्वांनाच आठवण करून देतो. समितीने परिश्रमपूर्वक तयार केलेली यादी मंडळाच्या संकेतस्थळावर आहे आणि आपण म्हणता ती जागा तीत दुसऱ्या क्रमांकावर आहे. चारपेक्षा कमी तारे असलेली एकही जागा आम्ही यादीत घेतलेली नाही. शिवाय तेथे भारतीय शाकाहारी जेवण मिळते, छोटे देवघर आहे आणि व्यवस्थापनाने मंडळाला नेहमीच सहकार्य केले आहे. निर्णय अर्थातच आपला, परंतु यादी असताना पुन्हा पहिल्यापासून चर्चा कशासाठी, हे समजत नाही.

श्रीकांत

प्रेषक: सुनंदा

मृणाल,

ते तारे तुला दाखवलेल्या खोलीचे नाहीत. केंद्र सरकारची ही पद्धत डिसेंबर २००८ पासून चालू आहे, आणि ती केवळ मेडिकेअर किंवा मेडिकेडचे (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी योजनेचे) पैसे घेणाऱ्या नर्सिंग होमपुरती, म्हणजे सतत नर्सची देखरेख लागणाऱ्यांच्या निवासी संस्थांपुरती आहे. असिस्टेड लिव्हिंगला परवाना राज्य देते, नियमही राज्याचेच असतात, आणि त्यांच्यासाठी केंद्राचे तारे मुळात अस्तित्वातच नाहीत. आवार एक, मालक एक आणि स्वयंपाकघरही एकच असले, तरी खालच्या (नर्सिंग होमच्या) आणि वरच्या मजल्याचे परवाने वेगळे असतात. तेव्हा वरच्या मजल्याचा परवाना क्रमांक लेखी मागून घे आणि त्या क्रमांकावरचे तपासणी अहवाल राज्याच्या आरोग्य विभागाकडून मिळव. क्रमांक द्यायला कोणी टाळाटाळ केली, तर तीही माहितीच समजावी.

खालच्या मजल्याचे तारेसुद्धा जपून वाचावे लागतात. एकूण तारे तीन गोष्टींवरून ठरतात: राज्याच्या निरीक्षकांची तपासणी, कर्मचारीसंख्या आणि गुणवत्तेची मोजमापे. यांपैकी तिसऱ्या भागातील बरीचशी माहिती संस्था स्वतःच भरते. तपासणीचे तारे तर त्याच राज्यातील इतर नर्सिंग होमशी तुलना करून दिले जातात. वरच्या १० टक्क्यांना पाच आणि तळाच्या २० टक्क्यांना एक, अशी विभागणी आधीच ठरलेली असल्याने सगळ्या राज्याचा दर्जा घसरला तरी १० टक्के जागा पाच ताऱ्यांच्याच राहतील. जुलै २०२२ पासून शनिवार-रविवारची कर्मचारीसंख्या आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाणही हिशेबात धरले जाते, आणि इतकी वर्षे या कामात काढल्यावर मी आता हेच दोन आकडे आधी पाहते.

तुझ्या दृष्टीने खरा प्रश्न रात्रीचा आहे. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे फेब्रुवारी २०२१ पासून नर्सिंग होममध्ये दिवसपाळीला ८ रहिवाशांमागे एक प्रमाणित मदतनीस, संध्याकाळी १० जणांमागे एक आणि रात्री १४ जणांमागे एक कर्मचारी असावा लागतो. हे प्रमाण असिस्टेड लिव्हिंगला लागू नाही. तेथे नोंदणीकृत नर्स रात्रभर इमारतीत असण्याऐवजी बोलावल्यावर उपलब्ध असली तरी चालते, आणि गोळ्या प्रशिक्षित मेडिकेशन एड देऊ शकते. हे बेकायदा नाही आणि अनेकांना पुरेसेही असते, पण रात्री दोनदा उठणाऱ्या, वॉकर विसरून चालू लागणाऱ्या बाईला ते पुरेल का, हे मोजूनच ठरवायला हवे.

सुनंदा

प्रेषक: श्रीकांत (ज्येष्ठ नागरिक समिती)

सुनंदाताई,

आपल्या अनुभवाबद्दल आदर आहेच. परंतु जी संस्था खालच्या मजल्यावर उत्तम काम करते ती वरच्या मजल्यावर निष्काळजीपणा करील, असे गृहीत धरणेही न्याय्य नाही. समितीतील स्वयंसेवक आपला वेळ खर्चून या जागा पाहून येतात. प्रत्येक मजल्याचा परवाना तपासत बसलो तर यादी कधीच पूर्ण होणार नाही.

श्रीकांत

प्रेषक: विनायक

श्रीकांतराव, निष्काळजीपणाबद्दल मी काही म्हणत नाही, परंतु जेवण आणि देवघर यांवरून काळजीचा अंदाज बांधू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. माझी मावशी ज्या ठिकाणी होती (नाव लिहीत नाही, दुसऱ्या राज्यातले आहे) तेथे दर मंगळवारी इडली-सांबार आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी मिळत असे. आम्ही सगळे भाचे त्यावर इतके खूष होतो की तिला खुर्चीतून उठवून पलंगावर कोण आणि किती वेळाने नेते, हे आमच्यापैकी कोणी विचारलेच नाही. माकडहाडापाशी शय्याव्रण झाल्याचे आम्हाला इस्पितळातील डॉक्टरांकडून कळले. तेथील आचारी मात्र खरोखर चांगला होता.

विनायक

प्रेषक: सुनंदा

विनायकराव, जेवणाचा प्रश्न गौण नाही. फक्त तो वेगळ्या रीतीने विचारावा लागतो. पदार्थ कोणते, यापेक्षा भरवायला कोण बसते, ताट किती वेळाने उचलतात आणि रहिवाशाचे वजन महिन्याला कोण नोंदवते, हे विचारावे. जेवणाच्या वेळी दाराजवळच्या नव्हे, कोपऱ्यातल्या टेबलापाशी उभे राहून पाहावे. झाकण न उघडलेले ताट तसेच परत जाताना दिसले, तर त्या जागेबद्दल दुसरे काही विचारण्याची गरज उरत नाही.

भाषेचेही तसेच. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी निसटते. “घसा कोरडा पडलाय” हे वाक्य ज्या मजल्यावर कोणालाच कळत नाही तेथे पाण्याचा पेला समोर असूनही माणूस तहानलेला राहतो, आणि वेदना सांगता न आल्यामुळे होणारी चिडचिड ‘वर्तनसमस्या’ म्हणून नोंदली जाते. मेडिकेअर-मेडिकेडचे पैसे घेणाऱ्या संस्थेने दुभाष्याची सोय करणे कायद्याने अपेक्षित आहे. ती प्रत्यक्षात कशी होते, फोनवरून की माणसाकरवी, हे विचार. तेथे दिवसपाळीला गुजराती बोलणाऱ्या दोन मदतनीस आहेत असे ऐकते. रात्री आहेत का?

सुनंदा

प्रेषक: रोहिणी

इतका खर्च आणि इतकी चौकशी करण्यापेक्षा त्यांना पुण्यालाच नेणे बरे नाही का? माझ्या आईकडे ब्युरोची बाई चोवीस तास असते, मराठी बोलते आणि गरम पोळी करून वाढते. येथे एका महिन्याला जे लागते त्यात तेथे बरेच महिने निघतात.

रोहिणी

प्रेषक: विनायक

रोहिणीताई, बाई चांगली मिळाली तर यासारखे सुख नाही, हे मान्य. परंतु ती न सांगता गावी गेली, किंवा ब्युरोने दर पंधरवड्याला नवीच पाठवली, तर पुण्यात त्याकडे लक्ष कोण देणार? येथे निदान निरीक्षक येतो आणि कागद तयार होतो. शिवाय मृणालकडे शुक्रवारपर्यंतचाच वेळ आहे.

विनायक

प्रेषक: अनिरुद्ध

सर्वांना,

शुक्रवारबद्दलच लिहितो, कारण या घाईचा उगम कोणी विचारलेला दिसत नाही. रिहॅबचा खर्च मेडिकेअर करत असेल, तर तो थांबवण्याची लेखी सूचना किमान दोन दिवस आधी द्यावी लागते, आणि खर्च थांबण्याच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत तातडीचे अपील करता येते. अपिलाचा दूरध्वनी क्रमांक त्याच सूचनेवर छापलेला असतो. मेडिकेअरची मर्यादा एका आजारपणात कमाल १०० दिवसांची आहे आणि त्यांतील पहिल्या २० दिवसांनंतर रहिवाशाला रोज ठरावीक रक्कम भरावी लागते, पण “प्रगती थांबली” एवढ्या कारणावरून काळजी बंद करता येत नाही. सासूबाईंना चालण्याच्या व्यायामाची अजून गरज आहे असे थेरपिस्टचे मत असेल, तर अपील अवश्य करावे. जिंकलात तर उत्तमच, पण निर्णय प्रतिकूल लागला तरी विचार करायला थोडा अवधी मिळतो. निकाल विरुद्ध गेल्यास मधल्या दिवसांचा खर्च आपल्यावर येऊ शकतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

दुसरे म्हणजे करारपत्र. असिस्टेड लिव्हिंगचा खर्च मेडिकेअर देत नाही. तेथे सांगितलेला आकडा बहुधा खोलीचा असतो, आणि काळजीची पातळी ठरवून तिचे पैसे वेगळे लावले जातात. आंघोळीला मदत, रात्री उठवणे, गोळ्या देणे या प्रत्येकाचे गुण मोजून पातळी ठरते. पातळी कोण, किती महिन्यांनी बदलते आणि कोणत्या अवस्थेला पोचल्यावर “आम्ही आता सांभाळू शकत नाही” असे म्हणता येते, ही दोन कलमे सही करण्यापूर्वी वाचावीत. माझ्या मते या कागदावर जेवढी काळजी कळते तेवढी खोली पाहून कळत नाही. नर्सिंग होमला नातेवाइकांकडून व्यक्तिगत हमी मागता येत नाही, असा केंद्राचा नियम आहे. वरच्या मजल्यावर त्याचे संरक्षण मिळेल असे धरून चालू नये. तेव्हा सासूबाईंच्या वतीने सही करताना ती कोणत्या नात्याने करतो आहोत, ते वकिलाला दाखवून घ्यावे.

अनिरुद्ध

प्रेषक: प्रकाश

सर्व मुलांनो,

तुम्ही सगळे ‘कोठे ठेवावे’ असे लिहीत आहात, म्हणून जो तेथे राहतो त्याचेही म्हणणे ऐका. मी त्याच आवारातील मागच्या इमारतीत राहतो. मला मदत फारशी लागत नाही, पण जेवणघर आणि बाग समाईक असल्यामुळे वरच्या मजल्यावरची माणसे रोज भेटतात.

आमच्याकडे जागा पाहायला येणारे लोक सकाळी अकराला येतात. त्या वेळी कॉफी ताजी असते, पियानो वाजत असतो आणि संचालकबाई प्रत्येकाला नावाने हाक मारतात. संध्याकाळी साडेसातनंतर, जेवण उरकून पाळी बदलत असताना, मी आजवर एकाही मुलाला वा सुनेला जागा पाहायला आलेले पाहिलेले नाही. त्या वेळी वरच्या मजल्याच्या वऱ्हांड्यात दहा मिनिटे उभे राहावे. घंटा वाजल्यावर दिवा किती वेळ लागलेला राहतो, हे घड्याळात पाहावे. माझ्या पाहण्यात तो कधी लगेच विझतो आणि कधी आमचा पत्त्यांचा एक डाव होईपर्यंत तसाच राहतो. कोणती मदतनीस कामावर आहे त्यावर ते अवलंबून असते. चांगल्या बायका टिकतात का, हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर व्यवस्थापनापेक्षा रहिवासी समितीकडून अधिक खरे मिळते. आमच्याकडे तिची बैठक महिन्यातून एकदा होते आणि इतिवृत्त फलकावर लावतात.

श्रीकांत, तुझ्या समितीचे लोक आले होते तेव्हा त्यांना मी चहा दिला होता. वर कोणी गेले नाही.

प्रकाशकाका

प्रेषक: श्रीकांत (ज्येष्ठ नागरिक समिती)

आदरणीय काका,

त्या दिवशी वरच्या मजल्यावर फ्लूमुळे बाहेरच्यांना प्रवेश बंद होता, हे अहवालात नोंदलेले आहे. चहाबद्दल समितीने आभार मानलेच होते.

श्रीकांत

प्रेषक: मृणाल

सर्वांचे मनापासून आभार.

अपील केले आहे. थेरपिस्टबाईंनी आणखी व्यायामाची गरज असल्याचे लेखी दिले. परवाना क्रमांक मागितल्यावर दोन दिवसांनी मिळाला आणि तो खरोखरच वेगळा आहे. रात्री वरच्या मजल्यावर किती जण असतात, हे मी तीनदा विचारले. पहिल्या दोन वेळी “पुरेसे” असे उत्तर आले आणि तिसऱ्या वेळी “नियमाप्रमाणे”. संख्या अजून कळलेली नाही. राज्याच्या दीर्घकालीन काळजी लोकपालाच्या कार्यालयातही फोन केला. त्यांनी कोणतीही जागा चांगली किंवा वाईट असे सांगितले नाही, पण तक्रार कशी नोंदवायची आणि भेटीच्या वेळी काय पाहायचे, हे अतिशय शांतपणे समजावले.

नर्सिंग होमचाही पर्याय उघडा ठेवला आहे, म्हणून खालच्या मजल्याचा तपासणी अहवाल वाचला. त्यात एफ-६८९ या नियमक्रमांकाखाली, म्हणजे अपघात आणि देखरेख यांबद्दल, एक त्रुटी नोंदली आहे आणि तिच्यापुढे ‘डी’ हे अक्षर आहे. सुनंदाताई, याला किती महत्त्व द्यावे? आणि बुधवारी संध्याकाळी साडेसातला आपण माझ्याबरोबर याल का?

मृणाल

प्रेषक: सुनंदा

येते. फोन करून वेळ ठरवू नकोस, सरळ जाऊ. काका खाली असतीलच.

अक्षरे ‘ए’पासून ‘एल’पर्यंत असतात आणि ‘जे’पासून पुढे जिवाला तात्काळ धोका मानतात. ‘डी’ म्हणजे एकट्यादुकट्या व्यक्तीपुरती, प्रत्यक्ष इजा न झालेली, पण होऊ शकली असती अशी बाब. एका ‘डी’वरून जागा सोडू नये, पण त्याखालचा मजकूर मात्र पूर्ण वाच. कोणाला, किती वाजता आणि कोण कामावर असताना, हे त्यात लिहिलेले असते. रात्रीची घटना असेल, तर मागच्या तपासणीतही तीच त्रुटी होती का ते पाहा. दुरुस्तीचा आराखडा देऊनही तीच त्रुटी पुन्हा आली असेल, तर माझे मत बदलेल. नर्सिंग होमला प्रत्येक पाळीची कर्मचारीसंख्या रोज दर्शनी भागात लावावी लागते. बुधवारी आत शिरताना तो कागद वाचू, तारीख त्याच दिवसाची आहे का ते पाहू, आणि मग वर जाऊ.

सुनंदा

प्रेषक: श्रीकांत (ज्येष्ठ नागरिक समिती)

यादीत ‘परवाना कोणत्या मजल्याचा’ असा एक रकाना वाढवण्यास समितीची हरकत नाही. रात्रीच्या कर्मचारीसंख्येचा रकाना मात्र पुढील बैठकीत चर्चेला घेतला जाईल, कारण ती माहिती सर्व संस्थांकडून समान पद्धतीने मिळाल्याशिवाय छापणे योग्य होणार नाही. बुधवारच्या भेटीत जे आढळेल ते येथे न लिहिता समितीच्या पत्त्यावर पाठवावे, ही विनंती.

श्रीकांत

प्रेषक: विनायक

येथेच लिहावे. माझ्या सासऱ्यांसाठी आम्हीही तीच जागा पाहत आहोत.

विनायक