युद्धक्षेत्रातून बोलणाऱ्या डॉक्टरांना वाहिनीने दिलेली वागणूक : तक्रार कोणत्या मुद्द्यावर करावी?

वाचनवेडी :

ब्रिटनमधील एका वृत्तवाहिनीने गेल्या आठवड्यात वेढा पडलेल्या एका शहरातील शल्यचिकित्सकाची मुलाखत थेट प्रक्षेपित केली. डॉक्टर रुग्णालयाच्या तळघरातून बोलत होते. प्रत्येक प्रश्न त्यांच्यापर्यंत दोन-तीन सेकंद उशिरा पोहोचत होता, आणि ते तोंड उघडेपर्यंत निवेदिका अधीर होऊन पुढचा प्रश्न टाकत होती. ते जखमींविषयी सांगू लागले की त्यांना मध्येच थांबवून, तुमच्या बाजूच्या सैनिकांच्या कृत्यांचा तुम्ही निषेध करता की नाही, हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला. थेट प्रक्षेपणाच्या धांदलीत असे होते, असे एक वेळ म्हणता येईल. परंतु रात्रीच्या बातमीपत्रात या मुलाखतीचा जो तुकडा दाखवला, त्यात निवेदिकेचा प्रश्न आहे, त्यानंतर डॉक्टरांचा निःशब्द चेहरा आहे, आणि तेथेच कात्री लागली आहे. काही क्षणांनी त्यांनी दिलेले सविस्तर उत्तर गाळलेले आहे. ज्याने सकाळची मुलाखत पाहिली नाही, तो डॉक्टरांनी उत्तर टाळले असेच समजेल.

मी त्रयस्थ प्रेक्षक आहे. मला तक्रार करण्याचा अधिकार आहे का, आणि असल्यास ती प्रश्नांच्या सुराविरुद्ध करावी की संपादनाविरुद्ध?

टिपणकार :

अधिकार आहे, परंतु अर्धाच. ब्रिटनमध्ये प्रसारणाचे नियमन ऑफकॉम करते, आणि तिच्या प्रसारण संहितेत आपल्या उपयोगाची प्रकरणे वेगवेगळ्या वाटांनी जातात. दुसरे प्रकरण प्रेक्षकांना होणाऱ्या हानीविषयी व आक्षेपार्ह मजकुराविषयी आहे, तर पाचवे बातम्यांच्या निःपक्षपातीपणाविषयी आहे. या दोन्हींखाली कोणताही प्रेक्षक तक्रार करू शकतो. कार्यक्रमात सहभागी झालेल्या व्यक्तीला न्याय्य वागणूक मिळाली की नाही, हा मात्र सातव्या प्रकरणाचा विषय आहे, आणि 1996 च्या ब्रॉडकास्टिंग ॲक्टनुसार अशी तक्रार स्वतः बाधित व्यक्तीने किंवा तिने अधिकार दिलेल्या व्यक्तीनेच करावी लागते. संपादन करताना सहभागी व्यक्तीचे म्हणणे न्याय्य रीतीने मांडले गेले पाहिजे, ही अपेक्षा याच सातव्या प्रकरणात आहे. म्हणजे आपल्या हातातला सर्वांत बळकट मुद्दा कायद्याने डॉक्टरांच्या मालकीचा आहे!

मुदतीकडे लक्ष द्या. ऑफकॉमकडे प्रसारणापासून 20 कामकाजाच्या दिवसांत तक्रार जावी लागते. वाहिनी बीबीसीची असेल तर प्रेक्षकाला (सातव्या प्रकरणाखालील तक्रार सोडून) आधी बीबीसीकडेच 30 कामकाजाच्या दिवसांत लिहावे लागते, आणि तेथील टप्पे संपल्यावरच ऑफकॉमचे दार उघडते. परवानाधारक दूरचित्रवाणी वाहिन्यांना ध्वनिचित्रमुद्रण 60 दिवस जपून ठेवावे लागते, त्यामुळे पुरावा नाहीसा होईल अशी चिंता सध्या नको. मात्र तोच तुकडा वाहिनीने समाजमाध्यमांवर टाकला असेल, तर तक्रार त्यावर बेतू नका. प्रसारण संहिता दूरचित्रवाणी व नभोवाणीवर जे प्रसारित झाले त्यालाच लागू होते.

पत्रात संतापाला जागा देऊ नका. ‘अमुक वाजून अमुक मिनिटांनी दाखवलेल्या तुकड्यात प्रश्नानंतर शांतता दिसते, सकाळच्या थेट प्रक्षेपणात याच प्रश्नाला या वेळेला उत्तर दिलेले आहे, ते गाळल्यामुळे जोडणीतील विलंब हा मुलाखत देणाऱ्याचा संकोच असल्याचे भासते,’ इतके लिहिले की वाहिनीला गुळमुळीत उत्तर देणे अवघड जाते.

जुना उपसंपादक :

सुराविषयीची तक्रार मी तरी पत्रातून पूर्ण वगळीन. 3 जानेवारी 2024 रोजी टॉकटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर पॅलेस्टिनी नेते मुस्तफा बारघौती यांची जी मुलाखत झाली, तिच्यातील निवेदिकेच्या वागण्याविरुद्ध ऑफकॉमकडे 15 हजारांहून अधिक तक्रारी गेल्या. तरीही ऑफकॉमने औपचारिक चौकशी सुरू केली नाही. संभाव्य आक्षेपार्ह वक्तव्यांना संदर्भाचा आधार असेल याची काळजी घ्या, असे वाहिनीला बजावून प्रकरण मिटवले. कठोर प्रश्न विचारणे, अगदी उद्धटपणे विचारणे, हा पत्रकारितेचा भागच मानला जातो, आणि तो तसा मानला जावा असे माझेही मत आहे. युद्धाची बाजू मांडायला बसलेल्या प्रवक्त्याला निवेदकाने गोंजारू लागावे, हे मला अधिक धोक्याचे वाटते.

परंतु प्रवक्ता आणि शल्यचिकित्सक यांत फरक आहे. हे डॉक्टर कोणत्या सशस्त्र गटाच्या ताब्यातील भागात राहतात, याचा विचार निवेदिकेने केला होता का? जाहीर निषेध केला तर रुग्णालयाबाहेर त्यांचे काय होईल, आणि नाही केला तर प्रेक्षक त्यांना काय समजतील, अशा कात्रीत त्यांना थेट प्रक्षेपणात उभे केले गेले. संहितेनुसार मुलाखतीचा हेतू आणि कोणत्या प्रकारचे प्रश्न येणार, हे सहभागी व्यक्तीला सामान्यतः आधी सांगायला हवे. तसे सांगितले होते का, हे वाहिनीला अवश्य विचारा. आठव्या प्रकरणात, दुःखावेगात असलेल्या व्यक्तीवर मुलाखतीसाठी सबळ कारणाशिवाय दबाव आणू नये, असेही म्हटले आहे. पण डॉक्टर स्वखुशीने बोलायला आले असतील तर त्या कलमाचा फारसा उपयोग होणार नाही.

वाचनवेडी :

दोघांचेही आभार. आणखी एक शंका आहे. त्याच बातमीपत्रात शत्रुपक्षाचा पकडला गेलेला एक सैनिक कॅमेऱ्यापुढे आपल्या सैन्याविरुद्ध बोलताना दाखवला होता. त्याच्या मागे बंदूकधारी उभा होता आणि त्याचा चेहरा झाकलेला नव्हता. त्याचा उल्लेख याच पत्रात करावा का?

टिपणकार :

करू नका, त्यासाठी वेगळे पत्र लिहा, कारण तेथे प्रश्न अधिक गंभीर आहे. 1949 च्या तिसऱ्या जिनीव्हा कराराच्या 13 व्या कलमानुसार युद्धकैद्यांना अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासून संरक्षण मिळाले पाहिजे. 27 फेब्रुवारी 2019 रोजी विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या ताब्यात गेल्यावर त्यांच्या चित्रफिती प्रसृत झाल्या, तेव्हा भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने जिनीव्हा कराराचा हवाला देऊनच निषेध नोंदवला होता, हे आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. अर्थात हे बंधन मुख्यतः कैद्याला ताब्यात ठेवणाऱ्या राष्ट्रावर आहे, वाहिनीवर नाही. म्हणून वाहिनीला ‘आपण करार मोडला’ असे लिहिण्याऐवजी, त्या सैनिकाच्या मागे बंदूकधारी उभा असताना त्याची संमती खरी कशी मानली, आणि तो कैदेत असल्याचे प्रेक्षकांना स्पष्ट सांगितले का, असे विचारा. चेहरा झाकला नव्हता, हेही नोंदवा. घरी त्याचे कुटुंबीय असतील.

जुना उपसंपादक :

डॉक्टरांशी संपर्क साधता आला तर सकाळचा आणि रात्रीचा असे दोन्ही तुकडे त्यांना पाठवा. आपला हा तुकडा रात्री दाखवला गेला, हे त्यांना कदाचित ठाऊकही नसेल. आग्रह मात्र करू नका, कारण तक्रार केल्यास नाव पुन्हा चर्चेत येते आणि ते त्यांना सोसवेल की नाही हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. त्यांनी होकार दिला तर आपण त्यांच्या वतीने तक्रार करावी, असे त्यांच्याकडून लेखी घ्या. निकाल बाजूने लागल्यास ऑफकॉम आपल्या निर्णयाचा सारांश प्रसारित करण्याचा आदेश वाहिनीला देऊ शकते. नुकसानभरपाई मिळत नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

वाचनवेडी :

डॉक्टर ज्या वैद्यकीय संस्थेसाठी काम करतात, तिच्या कार्यालयाला आज लिहिले आहे. त्यांचे उत्तर येईपर्यंत निःपक्षपातीपणाच्या मुद्द्यावरील माझी स्वतःची तक्रार मुदतीत पाठवून देते, आणि कैद्याविषयीचे पत्र वेगळे लिहायला घेते.