वर्षभर बाबा घरी: आईची रजा संपायच्या आत काय काय लावून घ्यावं?

कोरांटी:
प्रसूती रजेच्या 26 आठवड्यांपैकी सहा उरलेत. प्रसूतीआधी तीन आठवडे गेले, त्यामुळे बाळ आत्ता जेमतेम चार महिन्यांचं आहे. दोघंही खासगी नोकरीत, वर्षभर नवऱ्याने घरी राहायचं ठरतंय. बाळ बाटली तोंडातही धरत नाही. आई आणि सासूबाई, दोघींचंही म्हणणं 'पुरुषाला नाही जमायचं'. आधी काय हाती घेऊ?

शेवगा:
आधी दूध. तुम्ही रुजू व्हाल तेव्हा बाळाला सहा महिने झालेले नसतील, म्हणजे वरचं अन्न नाही, सगळी मदार काढलेल्या दुधावर. आजपासून रोजचं एक पाजणं नवऱ्याकडे द्या. बाटलीशी झगडत बसू नका, वाटी-चमचा किंवा पालाडं (चोचीची छोटी वाटी) चालतं. भुकेने कळवळायच्या आत द्यायचं. एकदा रडू फुटलं की बाळ नवीन काही घेत नाही. तुम्ही तेव्हा दुसऱ्या खोलीत थांबा, आईचा वास आला की ते तोंड फिरवतं.

काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं, तेही खोली 25 अंशांच्या आत असेल तर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लगेच फ्रीजमध्ये. तिथे चार दिवस, पण आत मागच्या बाजूला. दारात ठेवलं तर उघडझाप होऊन गरम-गार होत राहतं. डबीवर तारीख घाला. कोमट करताना डबी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये दूध एकसारखं तापत नाही, मधलाच एखादा घोट जीभ पोळतो.

बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात दोन स्तनपान-विराम कायद्याने मिळतात. त्या वेळात दूध काढायची जागा कुठे असेल, ते रुजू व्हायच्या आधी मेलवर विचारून ठेवा.

हिशेबी:
दादांनी थेट राजीनामा देऊ नये. आधी बिनपगारी दीर्घ रजा मागावी. मंजुरीच्या पत्रात परतल्यावरचं पद, ज्येष्ठता आणि गटविमा (कंपनीचा आरोग्यविमा) चालू राहणार की नाही, हे स्पष्ट हवं. रजा नाकारली आणि नोकरीची पाच वर्षं भरायला थोडेच महिने उरले असतील, तर ग्रॅच्युइटीसाठी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) तेवढे काढणं परवडतं. पीएफ मोडू नका. पाच वर्षांच्या आत काढला तर करही लागतो.

नोकरी सुटली की गटविमाही सुटतो. स्वतःची पॉलिसी त्याआधीच घ्या, नव्या पॉलिसीत अपघात सोडून इतर आजारांना पहिले 30 दिवस संरक्षण नसतं. आणि त्यांच्या पीएफमध्ये दरमहा जायची तेवढी रक्कम तुमच्या पगारातून त्यांच्या पीपीएफमध्ये टाका, वर्षाला दीड लाखापर्यंत. हा घरखर्चच समजा. बाई घरी बसते तेव्हा हे कुणी करत नाही आणि म्हातारपणी ती रिकाम्या हाताने राहते. तीच चूक पुरुषाच्या बाबतीतही करू नका.

कोरांटी:
आणि आजीचं, म्हणजे सासूबाईंचं? बाळ रडलं की त्या नवऱ्याच्या हातातून काढूनच घेतात.

पाणवठा:
बहुतेक घरांत गाडी अडते ती इथेच. तुमच्या रजेच्या शेवटच्या दोन आठवड्यांत नवऱ्याने त्याची शिल्लक रजा टाकावी. पहिला आठवडा दोघं घरात, पण सगळं त्याने करायचं. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही बाहेर पडा: दोन दिवस चार-चार तास, मग पूर्ण ऑफिसची वेळ. फोन करायचा तो त्याने, तुम्ही नाही.

नुसती कामं सोपवून भागत नाही, ती लक्षात ठेवणंही त्याच्याकडे जायला हवं. लसीकरणाचं कार्ड त्याच्या ताब्यात द्या. नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस त्याने ध्यानात ठेवायची. लंगोट संपत आलेत, तापाचं औषध वजनाप्रमाणे किती द्यायचं, हे डॉक्टरांना त्यानेच विचारायचं. तुम्ही यादी करून दिलीत की तो मदतनीस होतो, आणि घर तुमच्याच डोक्यात राहतं.

आजीशी नवऱ्यानेच बोलावं, तिच्या लेकाने. "आई, दहा मिनिटं मला शांत करू दे, नाही जमलं तर तुला हाक मारतो." आणि तिला रोजचं एक ठरलेलं काम द्या, तेल-मालिश किंवा संध्याकाळची फेरी. तिचे हात रिकामे राहिले की तेच बाळाकडे धावतात.

रात्रीचं मात्र आत्ताच ठरवा. दिवसभर तो सांभाळतो म्हणून रात्र पूर्ण तुमची, असं झालं तर महिन्याभरात दोघंही थकाल. अंगावर पाजणं तुमचं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा झोपवणं त्याचं.