सदनिकेच्या दाराशीच धूळ आणि चिखल कसा अडवावा?

प्रश्न : कासारवडवली, ठाणे
नमस्कार. आमची सदनिका घोडबंदर रस्त्यालगत पहिल्या मजल्यावर आहे. मेट्रो ४ चे काम आणि आजूबाजूची बांधकामे यांमुळे उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल घरात येत राहतो. बाळ रांगू लागले आहे आणि हाती लागेल ते तोंडात घालते, त्यामुळे दोन वेळा लादी पुसूनही समाधान होत नाही. दाराबाहेर जेमतेम दीड फूट जागा असून आत थेट दिवाणखाना लागतो. उंबरठा, दाराखालची पट्टी, पायपुसणे आणि चपलांचे कपाट यांपैकी आधी कशावर खर्च करावा?

उत्तर : वाशी
ताई, घाण दोन वाटांनी येते : चपलांच्या तळांना चिकटून आणि दाराखालच्या फटीतून उडून. दार दिवसभर बंद ठेवून संध्याकाळी फटीसमोरच्या लादीवर ओले पांढरे फडके फिरवा. ते करडे झाले तर आधी फट बुजवा, कारण तिथे कितीही चांगले पायपुसणे उपयोगाचे नाही. उंबरठा ग्रॅनाइटचा, अर्धा इंच उंच आणि कडा गोलसर केलेला असावा, म्हणजे वडीलधाऱ्यांना ठेच लागत नाही. दाराच्या खालच्या कडेला रबरी पट्टी बसवा. लादी उंचसखल असेल तर ब्रशची पट्टी अधिक बरी. लाकडी दार पावसाळ्यात फुगते, म्हणून स्क्रूची भोके लांबट असलेली पट्टी घ्यावी, म्हणजे ती वरखाली सरकवता येते.

उत्तर : खारघर
पायपुसणी दोन हवीत आणि त्यांची कामे वेगळी आहेत. बाहेरच्याने खरवडायचे, आतल्याने ओल टिपायची. काथ्याचे पायपुसणे कोरड्या मातीला उत्तम, पण ओले राहिले की त्याला बुरशी लागते. म्हणून जून ते सप्टेंबर छिद्रांचे रबरी वापरावे. तुमच्याकडे बाहेर जागा कमी असल्याने आतले जाड सुती किंवा मायक्रोफायबरचे, तीन-चार फूट लांब घ्या, म्हणजे चालता चालता दोन्ही पाय त्यावर एकेकदा तरी टेकतात. दार आत उघडत असेल तर दाराखाली किती जागा मोकळी राहते ते आधी मोजा. खालची बाजू न घसरणारी हवी. भरलेले पायपुसणे धूळ परत देते; ते वरचेवर झटकलेच पाहिजे.

उत्तर : नौपाडा, ठाणे
आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीत काम करताना दिसते की बहुतेक घरांची चपलांची कपाटे जिन्यातच येतात. तो सुटकेचा मार्ग आहे आणि अग्निसुरक्षेसाठी तो मोकळाच हवा. सात-आठ इंच खोलीचे भिंतीलगतचे कपाट आत बसते. ओले जोडे मात्र त्यात कोंडू नका, खाली उभ्या काठाचा ट्रे ठेवा. गावाकडे ओट्याशेजारी पाय धुण्यासाठी पाण्याची सोय असायची. ती सवय दाराजवळचे न्हाणीघर वापरून अजूनही पाळता येते.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. फडक्याची चाचणी उद्याच करते. संध्याकाळी मुख्य दार उघडे ठेवून फक्त जाळीचे सेफ्टी डोअर लावतो, तेव्हा काय करावे?

उत्तर : वाशी
त्या दाराला आतून मच्छरजाळी लावल्यास पाने आणि कचरा अडेल, बारीक धूळ अडणार नाही. रस्त्यावर काम चालू असताना मुख्य दार बंदच ठेवा आणि वारा मागच्या बाजूच्या खिडकीतून घ्या.