मदत हवी आहे : टायगर मॉथ १/६, नाकात ८०० ग्रॅम शिसं?

खाडीकाठ (ठाणे)
डी हॅविलंड टायगर मॉथ या दुहेरी पंखांच्या जुन्या विमानाचं रेडिओवर उडणारं मॉडेल, १/६ मापाचं. पंखांची लांबी १४९० मिमी, कॉर्ड (पंखाची पुढून मागची रुंदी) २२२ मिमी. बाल्सा (हलकं लाकूड) आणि प्लाय, वर इस्त्रीने लावायची फिल्म. ७०० केव्हीची मोटर, १३×६.५ प्रॉपेलर, ४एस ३३०० लिपो बॅटरी (३४० ग्रॅम). एलिव्हेटर आणि रडर (शेपटीचे हलते भाग) हलवणाऱ्या छोट्या मोटरी, म्हणजे सर्व्हो, शेपटीत. लिपोसकट वजन २४५० ग्रॅम.

पहिली अडचण. सीजी (तोलाचा बिंदू) वरच्या पंखाच्या मधल्या भागाच्या लीडिंग एजपासून (पुढच्या कडेपासून) ६२ मिमी मागे, म्हणजे कॉर्डच्या २८ टक्क्यांवर धरलाय. मॉडेल तोलतं ११८ वर, म्हणजे शेपूट जड. शिसं काउलमध्ये (नाकावरच्या आवरणात), त्या एजच्या ११० मिमी पुढे बसेल. हिशेब केला तर ८०० ग्रॅम येतात. एवढं वजन चाकांच्या तारा झेलणार नाहीत.

दुसरी. खालच्या उजव्या पंखाच्या टोकाला ट्रेलिंग एज (मागची कड) ४ मिमी खाली आलीय. फिल्म जुलैत लावली, तेव्हा पंख सपाट होता.

सेक्टर बारा (खारघर)
शिसं वितळवायला घेऊ नका. ६२ हा आकडा सरळ पंखाचा आहे, टायगर मॉथचे पंख मागे झुकलेले. १९३१ साली हे विमान घडवताना पुढच्या कॉकपिटातल्या माणसाला पॅराशूटसकट बाहेर पडता यावं म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला, आणि बिघडलेला तोल सावरायला पंख मागे झुकवले. त्यामुळे मधल्या भागावरून मोजलं की सीजी हमखास फार पुढे येतो.

मॉडेलच्या आराखड्यावर मध्यरेषेपासून ३७२ मिमी बाहेर जा (अर्ध्या पंखाचा मध्य). तिथली लीडिंग एज मधल्या भागाच्या एजपेक्षा किती मागे आहे ते मोजा. खालच्या पंखाचंही तसंच, त्याच एजपासून. दोन्ही कॉर्ड सारख्या, म्हणून सरळ सरासरी. त्यात कॉर्डचे २५ ते २७ टक्के मिळवा. पहिल्या उड्डाणाला २७ च्या मागे जाऊ नका.

खाडीकाठ
वरचा ३० मागे, खालचा ४४. सरासरी ३७, अधिक ६०, म्हणजे ९७. तरी २१ मिमी उरतातच. २५० ग्रॅम शिसं.

सेक्टर बारा
ते शेपटीतूनच काढायचे. २० ग्रॅमचे दोन सर्व्हो ५०० मिमी पुढे, कॉकपिटखाली आणलेत तर ८.२ मिमी सुटले. जाड पुशरॉड (ढकलणारा दांडा) घालून कमावलेलं घालवू नका, दोन्हीकडून ओढणाऱ्या केबल टाका. खऱ्या विमानातही शेपटीकडे केबलच जातात, त्यामुळे स्केलच्या दृष्टीनेही बरंच. लिपो ६० मिमी पुढे सरकली की आणखी ८.३. उरलेल्या साडेचार मिमीला ५५ ग्रॅम पुरतात. ते फायरवॉलला (मोटरमागच्या फळीला) स्क्रूने आवळा, नुसतं चिकटवलेलं शिसं मोटरच्या थरथरीने सुटतं.

बाल्साचा भुसा (ऐरोली)
पंखाचं माझ्याकडून. आधी सगळ्या रिगिंग तारा (पंख ताणून धरणाऱ्या) सोडून पंख टेबलावर ठेवा. पीळ गेला तर दोष तारेच्या लांबीचा, फिल्मला हात लावू नका. राहिला तर पावसाळ्यात ओल धरलेला बाल्सा फिल्मखाली बंद झाला आणि नंतर असमान वाळला, असं समजा.

उपाय : एकाने पंख उलट दिशेला ८ मिमीपर्यंत पिळून धरायचा, दुसऱ्याने हीट गन वरून-खालून सतत फिरवत ठेवायची. एका जागी थांबलात की फिल्मला भोक. सुरकुत्या गेल्या की हीट बंद, पण पूर्ण गार होईपर्यंत हात सोडायचा नाही. बहुतेकांचं इथेच बिनसतं, कोमट असतानाच सोडतात आणि पंख परत जातो. दोन दिवसांनी पुन्हा मोजा.

४ मिमी म्हणजे जवळजवळ १ अंश. टोकाला ट्रेलिंग एज खाली असेल तर हळू वळणात ते टोक आधी स्टॉल होतं (उचल गमावतं), आणि टायगर मॉथचे एलेरॉन (विमान कलवणाऱ्या झडपा) फक्त खालच्या पंखांना. म्हणून दोन्ही खालच्या टोकांना ट्रेलिंग एज २ मिमी वर ठेवा. पुढची फिल्म एसीच्या खोलीत, सांगाडा तिथे दोन दिवस ठेवून मग लावा.

सेक्टर बारा
एलेरॉन वर १८ मिमी, खाली ६. सारखे ठेवलेत तर उजवीकडे वळायला सांगितलं की नाक आधी डावीकडे जाईल. तरीही वळताना रडर हवाच.

आणि डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा हवाई क्षेत्राचा नकाशा बघितल्याशिवाय मैदान ठरवू नका. तुमच्याकडे कोलशेतला वायुसेनेचं ठाणं, आमच्याकडे उलव्याचा विमानतळ. लाल-पिवळ्या पट्ट्यात परवानगी लागते.

खाडीकाठ
तारा सोडल्यावर ४ चे ३ झाले. म्हणजे दोष दोन्हीकडे. हीट गन रविवारी. सर्व्हो आजच उपसतो.