मदत हवी आहे: आजोबांचा रेडिओ, बाबांचा चंद्र आणि सोसायटीचा देखावा

कोथरूडकरीण

नमस्कार मंडळी,

यंदा सोसायटीच्या गणपतीत कापडाचा महाल नको, काहीतरी माहितीपूर्ण करू, असं मीटिंगमध्ये मी बोलून गेले. बोलेल तो करेल, या न्यायाने काम माझ्या गळ्यात. विषय ठरला ‘रेडिओ ते टीव्ही’. सहा फलक आणि मधोमध टेबलावर आमच्या आजोबांचा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीचा, काचेच्या नळ्यांचा) रेडिओ. गणपतीला तीन आठवडे राहिलेत.

तारखा जमवणं जड गेलं नाही. २३ जुलै १९२७ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झालं. तीन वर्षांत कंपनीचं दिवाळं वाजलं आणि कारभार सरकारकडे गेला. ८ जून १९३६ला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. आपलं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३चं. टीव्ही आधी दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९ला, आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ला. (प्रसारणवाल्यांचा २ ऑक्टोबरवर भारी जीव दिसतो.)

गाडी अडली ती घरात. १९६९ साली, बाबा नववीत असताना, त्यांनी म्हणे माणूस चंद्रावर उतरताना टीव्हीवर पाहिला. शनिवार पेठेतल्या वाड्यात, शेजाऱ्यांकडे, रात्रभर जागून. माझ्या तारखांप्रमाणे तेव्हा मुंबईतसुद्धा टीव्ही नव्हता. हे सांगितल्यापासून बाबा माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात.

दुसरं प्रकरण आत्याचं. तिचं म्हणणं, १९५५ साली गीतरामायण लागायचं ते ह्याच रेडिओवर आणि आजी आधी रेडिओला हार घालायची. फलकावर हेच वाक्य मोठ्या अक्षरात हवं, असा तिचा हट्ट आहे. पण रेडिओबरोबर पोस्टाचं लायसन्सचं पुस्तक सापडलंय (तेव्हा रेडिओ ठेवायला लायसन्स लागायचं), त्यात पहिलं तिकीट १९६२चं. आत्या म्हणते, आधीचं पुस्तक १९६१च्या पानशेतच्या पुरात गेलं. वाडा ओंकारेश्वराजवळ होता, त्यामुळे खोटं म्हणता येत नाही. पण पानशेतच्या नावावर आमच्या घरात बरंच काही खपवलं जातं. आजोबांची मॅट्रिकची मार्कशीटसुद्धा.

रेडिओ लाकडी आहे, समोर काच, काचेवर मीटरचे (लहरींच्या लांबीचे) आकडे. कंपनीची पट्टी पडलेली आहे. हा सेट कोणत्या सालचा, हे कसं ओळखायचं?

आणखी एक. पहिल्या फलकावर रेडिओचा शोध कुणाच्या नावावर टाकायचा, यावरून सेक्रेटरी आणि एक निवृत्त प्राध्यापक यांच्यात जुंपली आहे. एक म्हणतात मार्कोनी, दुसरे म्हणतात जगदीशचंद्र बोस. काय लिहू?

आणि देखाव्यात रेडिओ सुरू ठेवला तर मजा येईल. सरळ प्लग लावून बघू का?

जुनासेट

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: अजिबात नाही. इतकी वर्षं बंद असलेल्या सेटमधले कागदी कपॅसिटर गळके झालेले असतात. सरळ २३० व्होल्ट दिलेत तर ट्रान्सफॉर्मर जाईल, धूर निघेल, आणि चालू सेटच्या चॅसिसला (आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला) हात लागला तर त्याहून वाईट. मेकॅनिक लोक आधी सिरीजमध्ये साधा बल्ब लावून बघतात, म्हणजे सेटची वीज त्या बल्बमधून जाते. बल्ब भगभगीत पेटला की समजायचं, आत कुठेतरी शॉर्ट आहे.

आता वय. प्लग भिंतीपासून लांब ठेवून मागचा पुठ्ठा उघडा आणि तीन गोष्टी सांगा.

१) काचेमागे हिरवा डोळा (स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारी चमकती नळी) आहे का? असल्यास गोल, पंख्यासारखा की सरळ पट्टीसारखा?
२) व्हॉल्व्हवर पुसट छापलेले नंबर वाचता येतात का?
३) स्पीकर मूळचा वाटतो की बदललेला? स्क्रूची जादा भोकं, वेगळ्या रंगाची वायर, असं काही.

आत्यांचा पूर खरा असेल तर सेटच साक्ष देईल. पुराचा गाळ कितीही पुसला तरी चॅसिसच्या कोपऱ्यात राहतोच.

आडवारस्ता

बाबांची बाजू घेतो, पण अर्धीच.

१९६९मध्ये भारतात टीव्ही फक्त दिल्लीत होता. पुण्यात टीव्ही आला १९७३ साली, सिंहगडावर रिले केंद्र बसल्यावर. गडावरचा तो टॉवर भजी खाताना सगळ्यांनी पाहिलेला असतो, कशासाठी उभा केला हे कुणी विचारत नाही. म्हणजे शनिवार पेठेत टीव्हीवर चंद्र दिसणं शक्य नव्हतं.

पण रात्र जागवली असेल, हे पटतं. यान चंद्रावर टेकलं तेव्हा आपल्याकडे २१ जुलैची पहाट व्हायची होती, रात्रीचे पावणेदोन. शेजाऱ्यांकडे चांगला शॉर्टवेव्हचा (लांबची, परदेशी स्टेशनं पकडणारा) सेट असेल तर व्हॉइस ऑफ अमेरिकेवर सगळं ऐकता येत होतं. आर्मस्ट्राँगने पाऊल ठेवलं ते मात्र आपल्या सकाळी साडेआठच्या सुमारास. ‘रात्री पाऊल ठेवताना पाहिलं’ हे इथेच फसतं.

चित्रं नंतर थेटरात पाहिली असणार. तेव्हा सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनची न्यूजरील दाखवणं सक्तीचं होतं. रात्रीचा आवाज आणि पुढे कधीतरी पडद्यावर दिसलेलं चित्र डोक्यात एकमेकांना चिकटलं. माझ्या सासऱ्यांचंही असंच आहे. ते १९७१च्या युद्धाच्या बातम्या ‘टीव्हीवर बघायचे’, तेही साताऱ्यात.

खरवस

मार्कोनी-बोस भांडण फलकाच्या नावाने मिटवता येईल. तुमचा विषय प्रसारण आहे, बिनतारी संदेश नव्हे. हर्ट्झने १८८०च्या दशकात प्रयोगशाळेत लहरी सिद्ध केल्या. बोसांनी १८९५मध्ये कोलकात्यात भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली. मार्कोनीने १९०१मध्ये अटलांटिकपार ‘एस’ हे अक्षर पाठवलं, म्हणजे मोर्सचे तीन टिंब. तिघांचंही श्रेय मोठं, पण हा सगळा एकाकडून दुसऱ्याकडे निरोप. एकाने बोलायचं आणि ज्याच्याकडे सेट असेल त्या कुणीही ऐकायचं, ही वेगळी गोष्ट. तिची ठळक तारीख २ नोव्हेंबर १९२०, अमेरिकेत पिट्सबर्गचं केडीकेए केंद्र. त्यांनी पहिल्याच रात्री अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगितले. बीबीसी १९२२ची.

प्राध्यापकांना बोसांचा फोटो मोठा छापून द्या, गप्प बसतील.

उषा मेहतांना मात्र विसरू नका. १९४२मध्ये मुंबईत गुप्तपणे चालवलेला काँग्रेस रेडिओ, ४२.३४ मीटरवर. पोलीस माग काढत फिरत होते आणि ही बाविशीतली मुलगी जागा बदलून बदलून बोलत होती. नोव्हेंबरात पकडली गेली. तुमच्या यादीत एवढे व्हाइसरॉय आणि उद्घाटनं आहेत, त्यात तिच्यासाठी एक अख्खा फलक काढा.

मंडईमामा

१ नोव्हेंबर १९६७ घ्याच. त्या दिवशी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, आणि सुरुवातीच्या केंद्रांत मुंबई-नागपूरबरोबर पुणं होतं. आमचे वडील म्हणायचे, आता रेडिओही मंडईत बसला.

कोथरूडकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पुठ्ठा उघडला.

जुनासेट, डोळा आहे. आडवी सरळ पट्टी. काचेच्या नळीवर ईएम८४ असं जेमतेम दिसतं. स्पीकर बदललेलाच आहे, शेजारी मोकळी चार भोकं आहेत आणि नवीन वायर पिवळी. आणि चॅसिसच्या डाव्या कोपऱ्यात, ट्रान्सफॉर्मरच्या मागे, काडीने खरवडलं तर राखाडी, मऊसर माती निघाली. धूळ असती तर पिंजून आली असती, ही थरांनी सुटते. लाकडाला आतून साधारण चार बोटं उंचीवर रेघ आहे. बाहेरून पॉलिश केल्यामुळे ती कधी दिसलीच नाही.

मी ती माती हातावर घेऊन बराच वेळ बसले होते.

जुनासेट

मग कोडं सुटलं, ताई. पट्टीवाला ईएम८४ साधारण १९५७-५८च्या सुमारास आला. त्याआधीच्या सेटमध्ये पंख्यासारखा ईएम८० किंवा त्याहून जुना गोल डोळा असायचा. तुमचा सेट १९५५चा असू शकत नाही. पण गाळ आहे म्हणजे १२ जुलै १९६१ला तो त्या वाड्यात होता. चार बोटं पाण्यात बुडाला, स्पीकरचा कागदी कोन लगदा झाला, म्हणून नवा घातला. १९६२चं लायसन्स दुरुस्तीनंतरचं असेल. आधीचं पुस्तक पुरात गेलं हे आत्यांचं म्हणणं मला तरी पटतंय.

पाणी फक्त चार बोटं चढलं, म्हणजे हा सेट बहुतेक माळ्यावर किंवा उंच फळीवर होता. नाहीतर तुम्हाला दाखवायला काही उरलं नसतं.

खरवस

पण मग आत्यांचं गीतरामायण?

कोथरूडकरीण

तेच आज दुपारी विचारायला गेले. पट्टीचा डोळा वगैरे समजावलं. आत्या ऐकून घेत होती, पण चेहरा ‘आता हीसुद्धा मला शिकवणार’ असा. मग मी वाद सोडला आणि विचारलं, रेडिओ ठेवला कुठे होता तेव्हा? ती म्हणाली, कोनाड्यात, खाली सतरंजी. कुणाच्या कोनाड्यात? यावर ती थांबली. मग म्हणाली, मालकांच्या. आमच्या दोन खोल्यांत कोनाडा होताच कुठे.

त्यानंतर तिला आपोआप सगळं आठवत गेलं. वाड्यातल्या बायका ओसरीवर जमायच्या. शुक्रवारी सकाळी पावणेनऊला नवीन गाणं, शनिवारी-रविवारी तेच पुन्हा, म्हणजे शाळेची घाई असली तरी रविवारी गाठता यायचं. गाण्याचे शब्द वर्तमानपत्रात छापून यायचे, ते कापून आजी पोथीत ठेवायची. हार घालायच्या त्या मालकीणबाई. आपल्या घरात रेडिओ आला तेव्हा आजीनेही पहिल्या दिवशी हार घातला. आत्याने दोन्ही हार एकाच रेडिओला घातले होते.

फलक बदललाय. गीतरामायणाला वेगळी जागा: १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी, माडगूळकर आणि बाबूजी, छप्पन्न गाणी. रेडिओखाली फक्त एवढंच: ‘साधारण १९५८ ते १९६१. पानशेतचा गाळ आत अजून आहे.’ तो कोपरा पुसायचा नाही असं ठरलंय. बाबा बॅटरी घेऊन बसणार आहेत लोकांना दाखवायला.

चंद्राबद्दल बाबा म्हणाले, “मग डेक्कनवर बघितलं असेल, सिनेमाच्या आधी.” एवढ्यावर तह झालाय.

आता एकच उरलं. पुण्यात सिरीजचा बल्ब लावून सेट तपासून देणारं कुणी आहे का? चालला तर आजही काही लागेल का त्यावर?

जुनासेट

पुणे केंद्र मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला. तुमच्या काचेवर मीटर आहेत, तर काटा ३८०च्या किंचित अलीकडे न्या. सकाळच्या प्रादेशिक बातम्या धरल्या तर आवाजही ओळखीचा वाटेल. सोसायटीत एलईडी दिवे आणि चार्जर फार असतील तर खरखर येणार, तेवढ्यापुरते बंद करायला लावा.

मी कर्वेनगरला असतो. शनिवारी सकाळी साडेसहाला बोर्ड आणि बल्ब घेऊन येतो. तोवर प्लग लावू नका. बाबांनाही लावू देऊ नका.