कुंडीतला अनंत पिवळा पडला होता, मग तुम्ही काय केलंत? अनुभव लिहा

सांगली-साताऱ्याकडच्या बागवाल्यांनो, नर्सरीतून आणताना चकचकीत हिरवा असलेला अनंत वर्षभरात मान का टाकतो आणि कुणाचा परत उभा राहिला, ते इथे सांगा. ऐकीव उपाय नकोत, स्वतः केलेलं लिहा.

विश्रामबाग, सांगली : माझ्या अनंताची शेंड्याची नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं झालं होतं. शेणखत घातलं, गांडूळखत घातलं, ढिम्म फरक नाही. आमचे दाजी तासगावचे, द्राक्षबागायतदार, त्यांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, ताई हे फेरस, म्हणजे लोह, कमी पडलंय, आमच्या चुनखडीच्या रानात पण वेलींना असंच होतं. बोअरच्या पाण्यात क्षार, कुंडीच्या काठाला पांढरा थर, आणि अनंताला तर आंबट माती लागते, त्यामुळे मातीत लोह असलं तरी मुळांना उचलता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) घालू का विचारलं तर म्हणाले अशा मातीत ते लगेच अडकून बसतं, चिलेटेड घ्या, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह, त्यातपण ईडीडीएचए या रसायनातलं, ईडीटीएवालं क्षाराच्या मातीत टिकत नाही. कृषी सेवा केंद्रात मिळालं, लालभडक रंग असतो त्याचा, फरशीवर सांडू नका. नवी पालवी हिरवी आली, जुनी पानं होती तशीच राहिली. आता पावसाचं पाणी पिंपात साठवते.

शाहूपुरी, सातारा : वरच्या ताईंच्या उलट. माझी खालची जुनी पानं पिवळी पडून गळत होती. उन्हाळ्याच्या तोंडाला थोडी गळतातच, बारमाही हिरवं झाड म्हणजे पान कधीच गळत नाही असं थोडंच आहे. पण झाडच सुकायला लागलं तेव्हा कुंडीतून काढून बघितलं, तर आत नर्सरीचा लाल चिकणमातीचा गोळा विटेसारखा घट्ट, पाणी बाजूने वाहून खाली जायचं आणि मधली मुळं कोरडी. बादलीत गोळा भिजवला, कडेची माती हलक्या हाताने सोडवली, मग कोकोपीट, जाडी वाळू आणि कुजलेला पालापाचोळा घालून लावला. बाकी काहीच नाही केलं.

कराड : मुंग्या चढताना दिसल्या की खत सोडा, पान उलटं करा. पिठ्या ढेकूण, ती पांढरी कापसासारखी कीड, असणार. कापसाने पुसून नीमतेल, संध्याकाळी.

गावभाग, सांगली : २०१९ च्या पुरात आमची कुंडी पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर वर चिखलाचा थर आणि झाडाला एक पान नाही, सगळे म्हणाले टाकून द्या. नखाने साल खरवडली, वरच्या फांद्या तपकिरी, बुंध्याजवळ ओली हिरवी. वाळलेलं सगळं छाटलं, गाळ काढला, भोकं मोकळी केली, सावलीत ठेवलं आणि बोट घालून माती कोरडी लागल्याशिवाय पाणी दिलं नाही. दिवाळीनंतर बुंध्यातून फुटवे आले. फुलं मात्र पुढच्या उन्हाळ्यात पण नाही आली, त्याच्या पुढच्या.

वाई : माझा गेला. नवीन नाही आणला, तगर लावलीय, तिचे नखरे नसतात.

मिरज : शाहूपुरीवाले, आता मे मध्ये कुंडी बदलली तर चालेल का? गच्चीवर आहे.

शाहूपुरी, सातारा : नको. आत्ता नुसती दुपारच्या उन्हातून हलवा, आणि कळ्या धरल्या असतील तर पुन्हा पुन्हा जागा बदलू नका, गळतात. माती बदलायचं मृगाचे एक-दोन पाऊस पडले की बघा.